फोल्डरचं बारसं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबात दुकानाला नाव शोधायला फार डोकं चालवावं लागत नाही. चिंतामणी गणपती गावातच आहे. समजा, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या तुमच्या दुकानाला तुम्ही त्याचंच नाव दिलं, त्याच नावाचा ईमेल काढला आणि त्या ईमेलनं नवा कॉम्प्युटर सुरू केला. आता सी ड्राइव्हमधला ‘युजर्स’ फोल्डर उघडून बघा. विंडोजनं तुम्हाला न विचारता तुमच्यासाठी एक फोल्डर काढून ठेवलेला असेल, आणि त्याच्या नावाला ईमेलची पहिली पाच इंग्रजी अक्षरं तेवढी घेतली असतील. सी, एच, आय, एन, टी. चिंतामणीतला मणी गेला, चिंता राहिली, तीही अपुरी. (ज्ञानेश्वर नावाचा माणूस यात फायद्यात आहे. त्याच्याकडे निदान ज्ञान उरतं.)

तर राजेहो, हे नाव बदलायचंय.

पायरी पहिली. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘रिनेम’ दाबा. फोल्डर वापरात आहे, असं विंडोज सांगेल. वापरणारे तुम्हीच असता, पण त्याचा उपयोग नाही.

पायरी दुसरी. मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर आपल्या खात्यात जाऊन नाव बदला. हे सहज जमतं. कॉम्प्युटर सुरू करताना पडद्यावर नवं नाव झळकतं, घरच्यांना बोलावून दाखवता येतं. फोल्डर मात्र होता तसाच. घराच्या दारावर नवी पाटी ठोकली म्हणून सातबारा बदलत नाही. त्याला फेरफार लागतो. आणि फेरफार म्हटला की तलाठी आले. त्यांचंही पद आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण हाक अजून तलाठी म्हणूनच पडते.

पायरी तिसरी, म्हणजे फेरफार. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ‘नंतर घेऊ’ म्हणणाऱ्यांनी इथेच वाचन थांबवावं. मग अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेलं दुसरं खातं काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि त्या दुसऱ्या खात्यातून आत या. आता फोल्डरचं नाव मुकाट्यानं बदलतं. पण नोंद बदलायची राहिली. रजिस्ट्री एडिटर उघडून खोल खोल जात ‘प्रोफाइल लिस्ट’पर्यंत पोचा. तिथे ‘एस-1-5-21’नं सुरू होणारे लांबलचक आकडे दिसतील, प्रत्येक खात्याचा एक. ज्यात जुन्या फोल्डरचं नाव आहे, ते तुम्ही. विंडोज तुम्हाला नावानं ओळखतच नाही, या आकड्यानं ओळखते. कळंबकरांनी यात नवल मानू नये. तालुक्याचं कळंब धाराशिव जिल्ह्यातही आहे; आपलं पाकीट तिकडे जाऊ नये म्हणून पत्त्यात गावाच्या नावापेक्षा 445नं सुरू होणारा पिनकोडच कामी येतो.

त्या आकड्याखाली ‘प्रोफाइल इमेज पाथ’ आहे. त्यात जुन्या फोल्डरच्या जागी नवं नाव लिहा, स्पेलिंग दोनदा तपासा. एक अक्षर चुकलं तर विंडोजला तुमचा फोल्डर सापडणार नाही आणि ती तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये नेऊन बसवेल: रिकामा डेस्कटॉप, अनोळखी वॉलपेपर. घाबरू नका, सामान जागेवरच आहे. पण त्या रिकाम्या डेस्कटॉपवर काही साठवू नका, बाहेर पडताच ते पुसलं जातं. लाईन जायची वेळ टळून गेल्यावरच हा उद्योग काढा. डेस्कटॉप कॉम्प्युटरला बॅटरी नसते, ही गोष्ट अंधार झाल्यावरच लक्षात येते.

पायरी चौथी कोणी सांगत नाही. जुना पत्ता पाठ असलेले बरेच जण अजून आतच आहेत. आउटलुकची फाइल, स्कॅनरनं जिथे कागद टाकायचे ती जागा, दुकानाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, सगळे ‘चिंत’ला शोधत येतात आणि हात हलवत परततात. यावर उपाय म्हणून जुन्या नावाची एक पोकळ वाट मागे सोडतात. तिला जंक्शन म्हणतात. जुन्या पत्त्यावर येणारा तिच्यातून आपोआप नव्या फोल्डरात उतरतो. खुद्द मायक्रोसॉफ्टनं हेच केलं. 2007 साली घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टात त्यांनी ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरचं ‘युजर्स’ केलं आणि जुन्या प्रोग्रामांसाठी जुन्या नावाचं जंक्शन ठेवलं. ते विंडोज 11मध्येही आहे, फक्त लपवलेलं. शहराचं नाव 1995 साली मुंबई झालं तरी यवतमाळचा माणूस दाद मागायला नागपूरच्या खंडपीठात जातो तेव्हा निकालपत्रावर इंग्रजीत न्यायालयाचं नाव बॉम्बेच असतं. मायक्रोसॉफ्टला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

इतकं वाचून दम लागला असेल तर सरळ रस्ता ऐका. नाव बदलू नका, नवं खातं काढा. ते ईमेलनं न काढता या कॉम्प्युटरपुरतं, म्हणजे लोकल काढा. नाव इंग्रजी अक्षरांत, आटोपशीर आणि मध्ये जागा न सोडता लिहा; देवनागरी नावापुढे काही जुनी सॉफ्टवेअरं अडतात. फोल्डर त्याच नावाचा होतो. ईमेल मागाहून जोडला तरी फोल्डर बदलत नाही. मग कागद, फोटो तिकडे हलवा, आणि प्रिंटरपासून हिशेबापर्यंत सगळं नव्या खात्यात चालल्याची खात्री होईपर्यंत जुनं खातं पुसू नका.