बोरांना बोरंच म्हणा

बोलेल त्याची बोरं विकतात, असं आपण म्हणतो. या म्हणीनं एक गोष्ट गृहीत धरली आहे: बोलणारा ‘बोरं घ्या, बोरं’ असंच ओरडतो. तोच उद्या ‘ऋतुमानानुसार आरोग्यदायी फळांचं एकात्मिक दालन’ असं ओरडू लागला, तर संध्याकाळी टोपली जशीच्या तशी घरी जाईल. बहुतेक वेबसाइट आज असंच ओरडतात. गिऱ्हाईक शोधताना स्वतःचा शब्द टाइप करतं, मालकानं पानावर स्वतःचा शब्द लिहिलेला असतो, आणि दोघांच्या मनात एकच वस्तू असूनही त्यांची गाठ पडत नाही.

ही चुकामूक समजून घ्यायची तर चंदीगडकडे बघावं. इतर गावांत आधी माणसं येतात आणि मग नावं पडतात. इथे आधी नावं ठरली, मग माणसं राहायला आली. शहराचा आराखडा करणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी रस्त्यांचे प्रकार पाडून त्यांना व्ही-१ ते व्ही-७ अशी नावं दिली. पण ‘व्ही-२ नं घे’ असं ऑटोवाल्याला कोणी सांगत नाही. तो रस्ता मध्य मार्ग आणि सिग्नलचा चौक म्हणजे ‘लाइट पॉइंट’. मूळ आराखड्यात सेक्टरांना क्रमांक देताना तेरा हा आकडाच गाळला होता; २०२० साली तो मनीमाजरा या वस्तीला बहाल झाला, तरी मनीमाजरा बोलण्यात मनीमाजराच राहिलं. शेजारच्या शहराचं अधिकृत नाव साहिबजादा अजितसिंग नगर. नावाबद्दल आदर सगळ्यांनाच आहे, पण भाड्याची खोली शोधताना बोटं ‘मोहाली’कडेच वळतात. मात्र यावरून सरकारी शब्द तेवढा टाकाऊ असा निष्कर्ष काढू नये. ‘सेक्टर’ हाही त्याच आराखड्यातला, आणि शॉप-कम-ऑफिसचं ‘एससीओ’ हेही कचेरीतलंच बाळ. दोन्ही लोकांच्या तोंडी बसले. शब्दाचं कूळ बघायचं नसतं, तो रोज वापरला जातो का एवढंच बघायचं. इथे घर विकणाऱ्यानं ‘प्रीमियम इंडिपेंडंट व्हिला’ असं लिहावं आणि घेणाऱ्यानं ‘दहा मरला कोठी’ (मरला हे तिथलं जमिनीचं माप) शोधत बसावं, यात दलालाशिवाय कोणाचाच फायदा नाही. आणि नुसतं जवळपास पोचूनही भागत नाही. ‘पीजी’ म्हणजे पेइंग गेस्टची खोली आणि ‘पीजीआय’ म्हणजे १९६२ पासूनचं नामांकित रुग्णालय. कॉट दोन्हीकडे मिळते, पण एका अक्षरानं मुक्कामाचं कारण बदलतं.

यात मालक मूर्ख असतो असं नाही. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं, की एकाच गोष्टीला दोन माणसांनी आपापल्या मनानं एकच नाव देण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी असते. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्यांना हा आकडा फुगवलेला वाटेल. अर्थ इतकाच, की आपल्याला सहज सुचलेला शब्द बहुसंख्य गिऱ्हाइकांना सुचणारच नाही. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्यांचे शब्द गोळा करावे लागतात.

यावर हुशार माणसं म्हणतात, गूगलला आता समानार्थी शब्द कळतात. कळतात, खरंच. पण त्याच गूगलच्या सांगण्यानुसार रोजच्या शोधांपैकी सुमारे पंधरा टक्के शोध त्याला पूर्वी कधीच न आलेले असतात. म्हणजे तिथे तोही अंदाजच करतो. आणि समजा त्यानं गिऱ्हाईक दारापर्यंत आणून सोडलं, तरी पाटी त्या गिऱ्हाइकालाच वाचायची असते. ‘को-लिव्हिंग सोल्युशन्स’ वाचून पीजी शोधणारा पोरगा चुकीच्या दारात आलो म्हणून परत फिरतो. दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आणि भाषेचा: रोजचा शब्द पाटीवर शोभत नाही. आपल्याकडे ‘छायाप्रत’ हा नेटका शब्द आहे, पण दुकानावर पाटी ‘झेरॉक्स’ची असते, कारण हातात कागद धरून धावणाऱ्याला तीच दिसते. छायाप्रत आत लिहा, पावतीवर लिहा. दारावर मात्र गिऱ्हाइकाचा शब्द हवा. तिसरी मंडळी उत्साही. ती म्हणतात, मग ‘कोठी’ हा शब्द पानावर चाळीस वेळा घालू. फोडणीत हिंग लागतो म्हणून कोणी हिंगाची आमटी करत नाही. पानाच्या पोटात लपवलेल्या कीवर्डच्या यादीकडे आपण बघतच नाही, हे गूगलनं २००९ सालीच जाहीर केलं आहे, आणि शब्दांची अशी खोगीरभरती त्याच्या नियमांत बसत नाही.

तेव्हा सल्लागाराला बोलावण्याआधी एवढं करा. दुकानात फोन उचलणाऱ्याला एक वही द्या आणि आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगा. मग वेबसाइटचा मजकूर त्या वहीवरून लिहा. फक्त वहीतलं शुद्धलेखन तपासू नका.