बॉयलर ठणठणीत, बाकी देवाक काळजी

कारखान्यात सर्वांत जास्त कोणाच्या तब्येतीला जपतात? जनरल मॅनेजरच्या म्हणाल तर चुकलात. बॉयलरच्या! त्याच्या पाण्याचा पीएच रोज बघतात, टीडीएस बघतात, लॉगबुकात नोंद करतात. वर्षाकाठी बाष्पके निरीक्षक येतो आणि त्याच्या पोटात बॅटरी मारून जातो. घरजावयाचेही इतके लाड होत नाहीत. ज्याच्या हातून हे सगळं पथ्यपाणी होतं, त्या हेल्परचं वजन मात्र नोकरीला लागताना एकदा केलेलं असतं.

बॉयलरचा वैरी म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. तो आतून नळ्या खातो. त्याचा काटा काढायला जास्त दाबाच्या बॉयलरांत, विशेषतः वीजकेंद्रांत, वर्षानुवर्षं हायड्रॅझीन वापरलं गेलं. ते ऑक्सिजनशी भिडतं, त्याचं पाणी करतं, मागे नायट्रोजन तेवढा ठेवतं. क्षार नाहीत, गाळ नाही. इंजिनियर खूश.

अडचण एवढीच, की हे औषध लोखंडाला मानवतं, माणसाला नाही. अंगावर सांडलं तर कातडी भाजते आणि कातडीतूनच आतही शिरतं. वाफ डोळे, घसा, फुप्फुसं जाळते. यकृत, मूत्रपिंडं आणि मेंदूही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये त्याला बढती देऊन ‘माणसात बहुधा कर्करोग घडवणारे’ या गटात बसवलं. कारखान्यात कोणाची तरी बढती झाली म्हणायची!

‘वास आला की बाजूला व्हायचं,’ हे सुपरवायझरचं सुरक्षा प्रशिक्षण. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने आठ तासांच्या पाळीसाठी सुचवलेली मर्यादा आहे हवेच्या दहा कोटी भागांत एक भाग. अमोनियासारखा वास नाकाला कळतो तो साधारण दहा लाखांत तीन-चार भाग झाल्यावर. म्हणजे मर्यादा तीनशे पटींनी ओलांडली की मग आपलं नाक जागं होणार!

बॉयलरात गेल्यावर हायड्रॅझीन इतकं विरळ असतं की तिथे फारशी भीती नाही. खरा धोका बाहेर, कॅनमधून डोसिंगच्या टाकीत ओतताना. कॅनमधलं द्रावण बऱ्याचदा 35 टक्क्यांचं असतं, हातमोजे फाटके आणि मास्क म्हणजे तोंडाला गुंडाळलेला रुमाल. अवकाशयानात हेच रसायन भरणारे तंत्रज्ञ नखशिखांत बंद पोशाख घालतात आणि श्वासाची हवाही वेगळी घेतात. आपला हेल्पर रॉकेट उडवत नाही ना, मग त्याला रुमाल पुरे!

अन्नाची काळजी मात्र घेतली गेली आहे. जी वाफ खाद्यपदार्थांना लागते, तिच्यात हायड्रॅझीन किती चालेल, याचं अमेरिकन नियमांतलं उत्तर एका आकड्यात आहे: शून्य. डब्यातल्या मटारला शून्याचं संरक्षण. मटार वाफवणाऱ्याचं काय, हे विचारायचं नाही.

पर्याय आहेत. कमी दाबाच्या बॉयलरला सोडियम सल्फाइट चालतं, वरच्या दाबांना दुसरी रसायनं आहेत. फक्त विक्रेत्याने ‘एकदम सेफ’ म्हणून कार्बोहायड्रॅझाइड गळ्यात मारलं तर एक लक्षात ठेवा: जास्त तापलं की त्यातूनही हायड्रॅझीनच निघतं. आणि हायड्रॅझीनच वापरायचं असेल तर ते बंद पाइपातून पंपाने ओढता येतं. पंपाला पैसे पडतात, हेल्पर स्वस्तात मिळतो. घोडं इथेच पेंड खातं.

आपल्याकडे बॉयलर फुटू नये म्हणून 1923 मध्येच कायदा झाला. कामगाराला आपल्या कामातल्या धोक्याची माहिती मागण्याचा हक्क कारखाना कायद्यात आला 1987 मध्ये, तोही भोपाळ घडल्यावर. लोखंडाला माणसापेक्षा चौसष्ट वर्षांची सेवाज्येष्ठता आहे.

तेव्हा डोसिंगवाल्या दादांनो, उद्या कॅनवर ‘ऑक्सिजन स्कॅव्हेंजर, अमुक ग्रेड’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर झाकण उघडू नका. आत काय आहे ते विचारा आणि त्याचं सुरक्षापत्रक मराठीत मागा. बॉयलरच्या नळ्या बदलून मिळतात. तुमच्या यकृताचा स्पेअर पार्ट स्टोअरमध्ये नाही.