पाखरांच्या लग्नाचं मांडवभाडं

जनुकीय बदल केलेला बीटी मका आला की लष्करी अळीचा विषय संपला, असं हल्ली खटावपासून जतपर्यंत जो तो वक्ता छातीठोकपणे सांगतो. असा मका पेरायला देशात अजून परवानगी नाही, हा किरकोळ तपशील. मग पाण्याचा घोट घेऊन हळूच म्हणतो, "फक्त आश्रय पट्टा तेवढा पाळायचा बरं का."

तेवढा म्हणजे केवढा? कापसातला जुना नियम धरू. बीटीच्या भोवती बिगर-बीटीच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल ते. आमच्याकडे तीन भावांत वाटणी होऊन एकेकाच्या हाती येतात दहा गुंठे. तुकडा चौकोनी धरू (भाऊबंदांनी चौकोनी राहू दिला, अशी कल्पना करू). दोन ओळींत ७५ सेंटिमीटर अंतर. चारी बाजूंनी पाच ओळी सोडल्या की गेले चार गुंठे! बांध सहा इंच सरकला म्हणून ज्याने सख्ख्या भावाला कोर्टात ओढलं, त्याने चार गुंठे अळीच्या नावावर राजीखुशीने करून द्यायचे.

कशासाठी? तर लग्नासाठी. थट्टा नव्हे, शास्त्र आहे. अळीला विष ठरणारा बीटी मका खाऊनही एखाददुसरी अळी जगते आणि तिचं पाखरू होतं. त्याला तसलंच दुसरं पाखरू भेटलं, तर पोरं जन्मतःच विष पचवणारी निपजतात. म्हणून शेजारी साध्या मक्यावर साधी पाखरं भरपूर पोसायची. मग त्या दांडग्याची सोयरीक साध्या घरात जुळते आणि पोरं नाजूक निघून बीटीच्या घासालाच मरतात. थोडक्यात, माण-खटावच्या शेतकऱ्याने आता वधू-वर सूचक मंडळ चालवायचं. त्याचा स्वतःचा पोरगा पस्तिशीला आलाय. दारात ट्रॅक्टर आहे, विहिरीला पाणी आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत. पण "मुलगा शेती करतो" एवढं कानावर पडताच पाहुण्यांना चहा कडू लागतो. त्या बापाने आपल्याच रानात पाखरांसाठी मांडव घालायचा. जेवण यजमानाकडे: आधी कोवळा पोंगा, मग तुरा, मग कणीस. एकेक मादी हजारावर अंडी घालते, तेव्हा पंगत उठायचा प्रश्नच नाही. पत्रिका जुळवणं नाही, मानपान नाही, "पुण्यात फ्लॅट आहे का" असंही कुणी विचारत नाही. पोरगा बांधावर बसून बघतोय.

हा मांडव कापसात घालून झालाय. बियाण्याच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी पाकीट कित्येक वर्षं येत होतं. बहुतेकांनी ते बांधावर भिरकावलं. ज्यांनी इमानाने पेरलं त्यांच्यातल्या काहींचं नीट उगवलंच नाही, काहींचा फुलोरा मागेपुढे झाला; मुहूर्त टळून गेल्यावर वऱ्हाड दारात. गुलाबी बोंडअळीने घरातल्या घरातच सोयरिकी उरकल्या आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं अळ्यांसकट फुटली. पुढे बिगर-बीटी बी पिशवीतच मिसळून द्यायचं शहाणपण सुचलं. मक्यात तेही गोत्यात येतं, कारण लष्करी अळी एका झाडावर नांदत नाही. लहान असतानाच धागा सोडून वाऱ्याबरोबर शेजारी जाते. इथे चार घास साधे, तिथे दोन घास विषाचे. पचवायची तालीमच म्हणायची.

आणि ही अळी नवखी नाही. तिच्या प्युर्टो रिकोमधल्या नातलगांनी २००६ मध्येच बीटी मका पचवून दाखवला. आपल्या देशात ती २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली. एका रात्रीत शंभर किलोमीटर उडू शकणाऱ्या पाखराला जत तालुका कितीसा लांब?

डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याने. बोंडअळी शिरजोर झाली तेव्हा भाषणांत ठरलेली ओळ होती: शेतकऱ्यांनी पट्टा पाळला नाही. नाही पाळला! का पाळावा? पिशवीचे पैसे त्याने मोजले. पट्ट्यातली नासाडीही त्याचीच. फायदा मात्र सगळ्या तालुक्याला, आणि त्याहून जास्त बियाणं विकणाऱ्याला, कारण त्याचं जनुक आणखी काही वर्षं बाजारात चालणार. दुसऱ्याच्या मालाचं आयुष्य वाढावं म्हणून हा चार गुंठ्यांवर पाणी सोडणार, त्याच्या म्हशी मुरघासाविना राहणार, सोसायटीचा हप्ता थकणार आणि अळी फिरली की गुन्हेगारही हाच. कर्णानेसुद्धा कवचकुंडलं दिली तेव्हा त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका कुणी ठेवला नव्हता.

तेव्हा आमचं म्हणणं सरळ आहे. मांडव घालू. पाच ओळी सोडू, सहाही सोडू. चार गुंठ्यांचं मांडवभाडं मात्र पेरणीआधी, रोखीने. पत्रिकेत "आमचे येथे श्रीकृपेकरून" याच्या खाली निमंत्रक म्हणून बियाणं विकणाऱ्याचं नाव छापायचं. शेतकऱ्याचा नंबर फक्त आचाऱ्यासाठी द्यावा.