नकाशातलं घर

आर्णीत घर बांधणाऱ्यांत एक जात अशी आहे की तिची घरं दोन असतात: एक नकाशातलं, एक जमिनीवरचं. आमचे भाऊ त्या जातीचे. नकाशातल्या घराला चारही बाजूंनी मोकळी जागा, हवा, उजेड. जमिनीवरच्या घरात त्या हवेच्या जागी स्वयंपाकघर. "नकाशा नगरपरिषदेसाठी अस्ते बावा, घर लेकरायसाठी," हे भाऊंचं नगररचनाशास्त्र.

भाऊ अडाणी नाहीत. 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा ते जावयासारखा ओळखतात: नावानं, आदरानं आणि थोडं लांबून. 2020 च्या डिसेंबरात एकत्रिकृत नियमावली आली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर कागद जोडून शुल्क भरलं की पावतीच परवानगी, हे ऐकून भाऊ हरखले. पण मोजणीत प्लॉट मोठा निघाला. जागा जास्त भरली म्हणून हळहळणारा मालक मी तरी दुसरा पाहिला नाही.

नुसत्या पावतीवर भागणार नव्हतं, म्हणून जोत्याच्या तपासणीला इंजिनिअर साहेब आले. तर्री-पोहे झाले, चहा झाला. साहेबांनी विचारलं, "पायवा कुठवर नेला?" प्रश्न रास्त होता. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खोदलं नाही तर भिंत दोन वर्षांत तडकते. आणि तपासायचं ते जोत्यालाच, कारण भिंती चढल्या की पायवा दिसत नाही, घरही सरकवता येत नाही.

"लय खोल हाय साहेब," भाऊ म्हणाले. मिस्त्री अरुणावती नदीच्या दिशेनं पाहू लागला.

मग टेप निघाली. बाजूचं अंतर कागदावर दीड मीटर, जमिनीवर हातभर. भाऊंनी टेपच हातात घेऊन न्याहाळली. "जुनी टेप ताणल्या जाते साहेब. कमी दाखवते."

साहेब हसले आणि काम थांबवायचं लिहून गेले. एका बाजूचं जोतं उकरून आत घ्यावं लागलं. स्वयंपाकघर आक्रसलं, वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. घर झालं, पण भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज अजून बाकी आहे. "भोगून तं राह्यलो न आपण," भाऊ म्हणतात, "मंग प्रमाणपत्र काऊन पाह्यजे?"

सध्या शेजारच्या प्लॉटवर जोतं उठतंय. भाऊ रोज सकाळी तिथं स्टूल टाकून बसतात. टेप नवीकोरी आणली आहे, पोलादी.