लडाखला निघण्यापूर्वी मुकादमाला विचारा

शिरूर कासारात थार घेणाऱ्यांची एक अडचण असते. गाडी दारात येते, बोनेटवर हार चढतो, मागच्या काचेवर गडाचं नाव रेडियममध्ये कोरून होतं, सिंदफणेच्या कोरड्या पात्रात दोन चकरा मारून रीलही निघतं. मग प्रश्न पडतो की आता हिला न्यायचं कुठं? उत्तर बहुधा ‘लेह-लडाख’ असतं आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. अशा होतकरू मोहीमवीरांसाठी ही मार्गदर्शिका. हिच्यातले नियम कुठल्या ऑफ-रोड क्लबाने केलेले नाहीत. दसरा-दिवाळी उरकली की आपला संसार ट्रॉलीत भरून कोल्हापूर, सांगलीपासून थेट कर्नाटकापर्यंत जाणाऱ्या याच तालुक्यातल्या ऊसतोड टोळ्यांनी ते बसवले आहेत. दरवर्षी न चुकता मोहीम काढणाऱ्यांचा अनुभव बाजूला ठेवून यूट्यूबवरच्या दिल्लीकराचं ऐकण्यात अर्थ नाही.

सुरुवात वाहनापासून. आपली गाडी खरोखर फोर व्हील ड्राइव्ह आहे का, ते कुणी पाहत नाही असं बघून तपासावं. गिअरच्या शेजारी आणखी एक दांडा आणि त्यावर ‘फोर एल’ अशी खूण असेल तर ठीक. नसेल तर खचून जाऊ नये. जानेवारी 2023 मध्ये कंपनीने फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी स्वस्तातली थार काढली आणि पुष्कळांनी रुबाब पूर्ण, यंत्रणा निम्मी असा व्यवहार केला. टोळीकडे मात्र अशी फसगत नसते. टायरगाडीला ड्राइव्ह आठ पायांवर, पुढच्या-मागच्या खुरांना सारखी ताकद, आणि एक बैल अडला तर दुसरा ओढतो. ट्रॅक्टरचं हेड बहुधा मागच्या दोन चाकांवरच चालतं, तरी मागे दोन ट्रॉल्या ओढतं. चढाला पुढची चाकं उचलायला लागली तर दोन गडी बोनेटवर जाऊन बसतात. या तंत्राचा उल्लेख कंपनीच्या पुस्तिकेत सापडणार नाही आणि आम्हीही त्याची शिफारस करत नाही.

यानंतर पैसा. या मुद्द्यावर टोळीच्या अनुभवी मुकादमाचा सल्ला घ्यायला गेलात तर संवाद साधारण असा होतो.

‘तात्या, लेहला निघालोय. दोन-अडीच हजार किलोमीटर.’

‘तिथं कोणता कारखाना?’

‘कारखाना नाही, तात्या. नुसतं जायचं.’

‘मग उचल कुणी दिली?’

‘कुणी नाही. गाडी हप्त्यावर घेतलीय, डिझेल आपलंच.’

‘म्हणजे जायचं बी तूच अन् पैसे बी तूच द्यायचे?’

इथे तात्या तंबाखूची चिमूट तोंडात टाकतात आणि विषय संपतो.

उचल, म्हणजे तोडणीआधी मिळणारा आगाऊ पैसा, हे मोहिमेच्या अर्थकारणातलं फार पुढारलेलं साधन आहे. परदेशी मोहीमवाल्यांना प्रायोजक शोधत वणवण फिरावं लागतं. इथे प्रायोजक भर पावसाळ्यात, घरात धान्य आणि हातात पैसा नसताना, आपल्या पायाने दारात येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस आला तर अर्धा. एका कोयत्यामागे उचल लाखाच्या घरात जाऊ शकते आणि ती टनावारी फेडायची असते. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या बैठकीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, म्हणजे फेड तेवढी सोपी झाली म्हणायची. हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या मोहिमेत ओढली जाते. तुमचा हप्ता थकला तर बँक गाडी उचलून नेते. टोळीकडे बँकेने न्यावं असं स्वतःचं वाहनच नसतं, त्यामुळे बाकी माणसाच्या अंगावर राहते.

आता सामान, आणि इथे घाई करू नये. 1955-56 साली ऑक्सफर्ड-केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला गेले. त्यावर पुस्तक झालं, फिल्म झाली, जगभरचे मोहीमवाले आजही त्यांचं नाव घेतात. मुकादमाला हे सांगितलं तर तो एवढंच विचारेल, की दोन गाड्यांत सहाच माणसं? बाकीची जागा रिकामी का नेली?

ट्रॉली कशी भरतात ते एकदा उभं राहून पाहावं. तळाशी सरपण आणि बांबू, कारण राहायची झोपडी, म्हणजे कोपी, उभी करायला तिकडे बांबू मिळेलच याची खात्री नसते. त्यावर बाजरी-ज्वारीची पोती; यांचा उपयोग वाटेत खुर्ची म्हणून आणि पोचल्यावर जेवण म्हणून. मग लोखंडी पेटी. तिच्यात लग्नातली भांडी, आधार कार्डं, रेशनकार्ड आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या. पेटी नेहमी मधोमध, म्हणजे वळणावर कलत नाही आणि कुणाच्या नजरेआड होत नाही. कडेने घागरी, प्लास्टिकचे ड्रम, तवा, परात. कोंबड्या टोपल्याखाली, शेळी दावणीला. ताडपत्री सगळ्यांत वर, पण अशी घडी घालून की पाऊस आला तर बसल्या जागेवरून ओढता यावी. तान्हं मूल असेल तर ट्रॉलीच्या दोन आडव्या गजांना जुन्या लुगड्याची झोळी. गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा सगळे उडतात, झोळी तेवढी हलते. हजारो रुपयांची सस्पेन्शन किट बसवणाऱ्यांनी ही रचना जवळून अभ्यासावी. शेवटी माणसं चढतात आणि त्यांच्यामागून, कुणी बोलावलेलं नसताना, कुत्रं.

चालक दलाची निवडही शास्त्रशुद्ध असते. मित्रांच्या मोहिमेत एक जण गाडी चालवतो, एक झोपतो आणि उरलेले दोघं गाणी कोणती लावायची यावर भांडतात. टोळीत निरुपयोगी सदस्य नसतो. आठ-नऊ वर्षांची मुलगी असेल तर ती बाळ सांभाळण्याच्या पदावर रुजू होते आणि शाळेच्या हजेरीपटावर मार्चपर्यंत कोरी जागा राहते. आजारी मात्र पडू नये. पडल्यास त्याला खाडा म्हणतात आणि त्याचा दंड कापला जातो. हा खाडा चुकवण्याच्या धास्तीचा बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांशी काय संबंध आहे, याची चौकशी 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीला करावी लागली. वैद्यकीय तयारीच्या सदरात याहून अधिक काही सुचवता येत नाही. तुमच्यासाठी एवढंच: लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, पहिले दोन दिवस तिथे नुसतं पडून राहावं. तुम्हाला खाडा नाही.

मार्गाचं म्हणाल तर टोळीसाठी शिरूर, रायमोहा, पाटोदा, जामखेड, करमाळा, टेंभुर्णी हा एक चालता रस्ता आहे. तो दक्षिणेला जातो; तुमचं तुम्ही शिरूरहूनच उत्तरेला वळा. 17 सप्टेंबर 2025 ला रेल्वे बीडपर्यंत आली खरी, पण शेळी, ड्रम आणि कोपीचे बांबू डब्यात चढवू देणारा गार्ड अजून जन्माला यायचा आहे. इंधनाबद्दल लडाखवाल्यांना फार अभिमान. मनालीहून लेहला जाताना तांदीच्या पंपावर ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ अशी पाटी असे आणि तिच्यासमोर फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. फोटो निघो न निघो, टाकी भरा, फोर व्हील ड्राइव्ह थारमध्ये 57 लिटर मावतं. पाण्यातून जायचं झालं तर कंपनी 650 मिलिमीटर खोलीपर्यंत हमी देते. सिंदफणेला पूर आला की तिला हा आकडा कुणी कळवत नाही, म्हणून पुलावर पाणी असताना गाडी घालू नये. अलीकडच्या कट्ट्यावर बसून पाणी ओसरायची वाट पाहणं हेही मोहिमेतलंच कौशल्य आहे. देशाबाहेर जायचा विचार असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आणि गाडीसाठी कार्नेट लागतं. एमएच-23 ची पाटी परदेशात कुणी ओळखणार नाही, याची मनाची तयारी ठेवावी.

मुक्कामाची व्यवस्था. टपावर उघडणारा तंबू लाखभर रुपयांत मिळतो आणि त्यात दोन रात्री छान जातात. कोपी बांबू, पाचट आणि जुन्या ताडपत्रीची, दुपार टळायच्या आत उभी राहते आणि चार-पाच महिने टिकते. दार एकच आणि वाकूनच आत जाता येतं. पहाटे तीनला उठून थंडीत फडावर जाण्याची सोय मात्र फक्त हिच्यात आहे.

परतीची तारीख आधी ठरवू नये. तुमची सुट्टी संपली की तुम्ही परत. टोळीची मोहीम कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की संपते, तो कधी पडेल हे ऊस ठरवतो. मार्च-एप्रिलमध्ये ट्रॉल्या उलट दिशेने लागतात. पोती रिकामी असतात, पेटी तीच आणि मधोमधच असते.

शेवटची सूचना थारवाल्यांसाठी, आणि ही गंमत नाही. दसऱ्यानंतर पाथर्डी किंवा जामखेडच्या रस्त्याने रात्री निघणार असाल तर पुढे चाललेल्या ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. टपावरचे चार दिवे बंद करा, डिपर द्या, वेग चाळिसावर आणा आणि वळण सरळ झाल्याशिवाय ओव्हरटेक करू नका. ट्रॉलीत माणसं झोपलेली असतात.