टायगरचा गुडघा

मालवणात डॉक्टरची पदवी कोणी विचारत नाही, हातगुण विचारतात. आमच्या टायगरने देवबागच्या वाळूत कुर्लीचा पाठलाग करताना मागचा पाय उचलला आणि तो पुन्हा टेकेना, तेव्हा आख्खी वाडी हातगुणांची यादी घेऊन पडवीत आली. टायगर लॅब्रेडॉर आहे आणि मांजराला घाबरतो, हे नाव ठेवताना आम्हाला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या आबांनी एका हाडवैद्याचं नाव पुढे केलं. "तेणी माझ्या म्हशीचो पाय बसयल्यान!" म्हैस अजून लंगडते, पण आबांच्या मते तो तिचा स्वभाव.

गुरांचे डॉक्टर मात्र सरळ माणूस. त्यांनी टायगरला गुंगीचं इंजेक्शन दिलं, एका हातात मांडीचं हाड धरलं, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. ती टेबलाच्या खणासारखी सरकन पुढे आली. या तपासणीला 'ड्रॉवर टेस्ट'च म्हणतात. "लिगामेंट तुटलंय. एक्स-रेत सूज दिसेल, लिगामेंट दिसणार नाही. आणि हे माझ्या टेबलावरचं काम नाही." एवढं स्पष्ट बोलणारा डॉक्टर मिळाला की त्याच्याकडूनच ऑपरेशन करून घ्यावंसं वाटतं, ही खरी पंचाईत.

कुत्र्याच्या नडगीचा माथा मुळात उतरता असतो, साधारण 25 अंश. लिगामेंट तुटलं की प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं. लहान कुत्र्याला बाहेरून जाड दोरा घालून सांधा आवळला तरी बऱ्याचदा भागतं. वजनदार गड्यासाठी नडगीचा माथा गोल करवतीने कापून फिरवतात, उतार पाचेक अंशांवर आणतात आणि प्लेट ठोकतात. याचं नाव टीपीएलओ. अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम यांनी हे काढलं आणि त्याचं चक्क पेटंट घेतलं. त्या काळी शिकायचं तर त्यांच्याकडेच, आणि शिकलेलं दुसऱ्याला शिकवायचं नाही, अशी अट होती! हे ऐकून आबांचा पाश्चात्त्य विज्ञानावर एकदम विश्वास बसला. त्यांचा हाडवैद्यही पाल्याचं नाव सांगत नाही, सांगितलं की गुण जातो म्हणे.

मुंबईच्या भाच्याने फोनवर महालक्ष्मीचं टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय सुचवलं. ते 2024 साली सुरू झालं. रतन टाटांना पूर्वी स्वतःच्या कुत्र्याला सांध्याच्या ऑपरेशनसाठी पार अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात न्यावं लागलं होतं, आणि तरी उशीर झाला होता. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर 1886 पासूनचं. पण न्यायचं कसं? रेल्वेत कुत्रा सोबत हवा तर फर्स्ट एसीचं कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी आहेच. जन्मभर स्लीपरने मुंबई गाठलेल्या माणसाला कुत्र्याच्या कृपेने फर्स्ट एसी घडणार म्हणून मी मनातून खूश होतो. बायकोने तिकिटाचा दर बघितला आणि गोवा जवळ असल्याचं जाहीर केलं.

गोव्याला आम्ही दोघा डॉक्टरांना भेटलो. पहिल्यांचा दवाखाना चकचकीत. "अशी कितीतरी केलीत," म्हणाले. कितीतरी म्हणजे किती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. भूल कोण देणार, हा प्रश्न त्यांना आवडला नाही.

दुसऱ्या बाईंनी आधी टायगरला चालवून बघितलं, मग घरात लाद्या गुळगुळीत आहेत का ते विचारलं. आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलीय का ते ऑपरेशनच्या वेळीच बघणार, हे सांगितलं. आम्ही न विचारता आपल्या किती रुग्णांना जंतुसंसर्ग झाला आणि कितींची प्लेट काढावी लागली, तेही सांगून टाकलं. वर, "दुसरा गुडघाही कधीतरी जाऊ शकतो, बऱ्याच कुत्र्यांचा जातो," हे! बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "ह्याच." हातगुणाचा विषयसुद्धा निघाला नाही.

आम्ही निघताना बाईंनी एकच अट घातली होती, ऑपरेशनच्या तारखेच्या आत टायगरचं वजन उतरलं पाहिजे. आम्ही तूप-भात बंद केला, बिस्किटं कपाटात कुलपात ठेवली. तरी काटा हलेना. शेवटी एका दुपारी माडाखाली टायगर सापडला. तीन पायांवर डुलत, समोर बांगड्यांच्या डोक्यांची रास, आणि शेजारी आबांची आई.

"अवो आजी, त्याला उपाशी ठेवायचंय!"

"ऑपरेशनाक जातलो, आणि तुमी तेका उपाशी ठेवतास?" म्हातारीने कपाळाला हात लावला आणि पेजेचं भांडं पुढे सरकवलं.