ब्रेक

चाकणच्या तळेगाव चौकात, दुसऱ्या पाळीच्या बसची वाट बघत दोन ऑपरेटर भांडत होते. विषय: ऋतुराज भारी की राहुल त्रिपाठी?

आकडे दोघांनाही पाठ. सांगवीचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला आपला ऋतुराज. २०२१ च्या आयपीएलमध्ये ६३५ धावा, ऑरेंज कॅप. चेन्नईने त्याला ६ कोटींत ‘कायम’ केलं. त्रिपाठीच्या ३९७, तो २०२२ च्या लिलावात मोकळा उभा राहिला, तर हैदराबादने साडेआठ कोटी मोजले.

म्हणजे कायमवाल्यापेक्षा मोकळा महाग! एमआयडीसीत असला चमत्कार अजून कुणी पाहिलेला नाही. इथे एकाच लाइनवर, एकाच मापाचा नट आवळणारे दोघे. एकाच्या गळ्यात निळी दोरी, दुसऱ्याच्या पिवळी. दिवाळीला बोनस कुणाला आणि मिठाईचा पुडा कुणाला, हे दोरीच ठरवते. स्ट्राइक रेट कुणी विचारत नाही.

“पण २०२५ ला बघ ना,” निळी दोरी म्हणाली, “दोघं एकाच टीममध्ये. ऋतुराज १८ कोटी, त्रिपाठी ३ कोटी ४० लाख. आता कसं कंपनीसारखं वाटतं!”

पिवळी दोरी हसली नाही. क्रिकेटमध्ये ब्रेक मिळाला की पोराचं नशीब उघडतं. हिचे सात महिने भरलेत. हिलाही सोमवारपासून ब्रेक मिळालाय. गेटपास शनिवारी जमा करायचाय.